फुकट पुस्तकाची किंमत

माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. श्रावणात तिचा फोन आला. "मावशी, अजून प्रसिद्धही न झालेली कादंबरी मी वाचते आहे, आणि तीही फुकट! तू बस तुझे छापील गठ्ठे सांभाळत."

मी बालवाडीची शिक्षिका, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. अमेरिकेतला व्यापार मला काय कळणार? पण चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि 'फुकट' हा शब्द ऐकला की पिशवी उलटी करून पाहावी, ही आमच्या आईची शिकवण मी विसरलेले नाही. म्हणून भाचीला खोदखोदून विचारले.

प्रकार असा. अ‍ॅमेझॉन कंपनीची 'प्राइम' म्हणून वर्गणी आहे. अमेरिकेत २०२२ साली ती वर्षाला १३९ डॉलर झाली. या सभासदांसाठी कंपनीने २०१३ मध्ये 'किंडल फर्स्ट' नावाची योजना काढली. २०१८ पासून तिचे नाव 'फर्स्ट रीड्स'. दरमहा कंपनीचे संपादक काही नवी पुस्तके निवडतात आणि सभासदाने त्यांतले एक, प्रकाशनापूर्वीच, विनामूल्य घ्यावे. ही पुस्तके बहुतेक सारी त्याच कंपनीच्या प्रकाशनसंस्थांची. म्हणजे छापणारा तोच, निवडणारा तोच, विकणारा तोच, आणि 'वा, वा' म्हणायची पाटीही त्याच्याच दुकानावर! लग्नात वरपक्ष, वधूपक्ष आणि भटजी एकाच घरचे असावेत, तसे हे झाले.

मग १३९ डॉलर कशाचे? भाची म्हणाली, "अगं, ते सामान लवकर घरी येते त्याचे. सिनेमेही पाहायला मिळतात." बरोबर! साबणाची वडी घरपोच मिळावी म्हणून भरलेल्या पैशांवर कादंबरी वर्ताळा म्हणून आली. वाण्याकडून कढीपत्ता फुकट मिळतो, म्हणून कढीपत्ता पिकवायला कष्ट पडत नाहीत असे कोणी म्हणेल काय?

आणि मिळालेले पुस्तक तरी आपले असते का? २००९ साली याच कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे तिचे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण आमच्या कपाटातले पुस्तक दुकानदाराला रात्रीतून नेता येत नाही, एवढे खरे. ते शेजारणीला देता येते. माझ्या पहिल्या कादंबरीची एक प्रत मी तालुक्याच्या गावी पाहिली. हळदीचे डाग पडलेली, मागच्या पानावर पेन्सिलने अकरा बायकांची नावे. मला त्या प्रतीचे पैसे एकदाच मिळाले. पण त्या अकरा जणींनी मला जे दिले, ते कोणत्या यंत्रात मावणार?

कोणी म्हणेल, "बाई, वाचनालयाचीही वर्गणीच असते! दिवाळीत एकदा पैसे भरायचे आणि साऱ्या गावाने अंक वाचायचे." कबूल. परंतु वाचनालय प्रत विकत घेते, आणि ग्रंथपाल स्वतःचीच पुस्तके पुढे सारीत नाही. वर्गणीशी माझे भांडण मुळीच नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कुणा एका धनिकाच्या तिजोरीवर नव्हे. गावोगाव हिंडून त्यांनी भागीदार आणि वर्गणीदार मिळवले. प्रकाशनपूर्व सवलतीत आपण आजही आधी पैसे भरतो. तिथे वाचक पुस्तकासाठी पैसे टाकतो आणि पुस्तक यावे म्हणून वाट पाहतो. त्या वाट पाहण्याला किंमत आहे.

आता माझ्या रागाचे खरे कारण सांगते. गेल्या वर्षी माझी पाचवी कादंबरी तयार झाली. प्रकाशक म्हणाले, "बाई, एका वर्गणीच्या योजनेत ती महिनाभर आधी फुकट देऊ. पैसे नाहीत, पण प्रसिद्धी होईल." दोन रात्री मला झोप आली नाही. खोटे कशाला बोलू? मोह झाला. हजारो वाचक कुणाला नको असतात? नव्या लेखकाला अशाने वाचक मिळतात, हेही मी नाकारीत नाही. परंतु तिसऱ्या दिवशी बालवाडीत एका मुलीने माझ्या हातावर दोन बोरे ठेवली आणि म्हणाली, "बाई, ही तुमची. गोष्ट सांगा." तेव्हा माझे उत्तर ठरले. त्या पोरीलाही ठाऊक होते, की गोष्टीला काही द्यावे लागते.

मी नाही म्हटले. प्रकाशक रुसले. कादंबरी अजून टेबलाच्या खणात आहे. ती निघेल तेव्हा मी स्वतः दारोदार जाऊन आगाऊ नोंदणी करीन. भाचीचेही नाव पहिल्या पानावर लिहून घेतले आहे. टपालखर्च मात्र तिने द्यायचा!

वाचकहो, हा अंक तुम्ही विकत घेतला असेल तर तुमचे आभार. शेजाऱ्याचा आणला असेल, तर त्याचेही. वाचून झाला की पुढे द्या. फक्त परत करताना मागच्या पानावर नाव लिहायला विसरू नका.