मूल केंद्रस्थानी, पण कोणतं मूल?

प्रवेशाच्या दिवसांत माजिवड्याच्या नाक्यावर शाळांचे फलक बिल्डरांच्या फलकांशी स्पर्धा करतात. घोडबंदर रोडला वळलं की आणखी दिसतात. त्यांवर एक शब्द हमखास असतो: विद्यार्थीकेंद्री. सोबत हसरं मूल, मागे तरणतलाव. फीचा आकडा मात्र आत गेल्यावरच कळतो.

खरं तर हा शब्द महागड्या शाळांची मक्तेदारी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने शिकवावं. मुलाला भीती आणि दडपण यांपासून मुक्त ठेवावं. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं. शेवटचा भाग फलकांवर कधी येत नाही.

आणि या कल्पनेचं माहेर आपलंच आहे. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या. बोर्डी आज पालघरमध्ये असली, तरी 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना आळशी ठरवलं नाही. बालवाडीच उचलून पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली. खेळणी म्हणून शिंपले, खडे, पानं, बिया. अनुताई वाघांनी पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. गुरं सोडून मूल येऊ शकत नाही ना, मग शाळा कुरणात जाईल. इतका साधा विचार.

त्या विचाराची आजची खूण बघायची तर माजिवड्याहून फार लांब जावं लागत नाही. हायवेने तीन हात नाक्याला या. पुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा भरते आहे, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सुरू केलेली. वर्ग कंटेनरमध्ये. सिग्नलला फुलं आणि खेळणी विकणारी मुलं, बरीचशी पारधी कुटुंबांतली. वर ट्रक धडधडत असतात. इथे शाळा मुलाच्या जागेवर गेली. तरणतलाव नाही, पण केंद्रस्थानी कोण आहे याबद्दल शंका उरत नाही.

आता आपल्या घरातलं बोलूया. राबोडीत, मुंब्र्यात, कल्याण-भिवंडीत आपली मुलं घरी काय बोलतात? कुणी कोकणी, कुणी दखनी, कुणी उत्तरेकडची हिंदी. या मुलाने मराठी शाळेत 'मेरेकू समज्या नही' म्हटलं की वर्ग हसतो, आणि बाई 'शुद्ध बोल' म्हणतात. इंग्रजी शाळेत तर तिन्ही भाषा दाराबाहेर काढून ठेवायच्या, चपलांसारख्या. उर्दू शाळेत थोडं सोपं जातं, पण तिथली पुस्तकातली उर्दू आणि कोकणी घरातली बोली यांत अंतर आहेच. ते आपण मान्य करत नाही, कारण मुसलमान म्हणजे उर्दू हे आपणही पाठ केलेलं आहे. ज्या मुलाच्या तोंडचं पहिलं वाक्यच चूक ठरतं, ते दुसरं वाक्य बोलत नाही. मग पालकसभेत ऐकायला मिळतं, 'तुमचा मुलगा वर्गात गप्प असतो.'

मकतबबद्दल एक गोष्ट सांगतो. ती अनेकांना खटकेल, दोन्ही बाजूंनी. आपल्या जुन्या मकतबमध्ये सगळ्यांना एकच धडा नसतो. एक पोर कायद्यावर असतं, शेजारचं पाचव्या पाऱ्यावर. उस्ताद प्रत्येकाचा सबक वेगळा ऐकतात, आणि कच्चा असेल तर दुसऱ्या दिवशी तोच. कुणी मागे पडत नाही, कारण रांगच नाही. आजच्या शाळा 'प्रत्येक मुलाच्या गतीने' असं ज्याला म्हणतात, ते इथे चटईवर चालत आलेलं आहे. पण तिथेच हातात छडीही असते, आणि 'याचा अर्थ काय?' असं विचारणाऱ्या पोराला गप्प बसवलं जातं. गती मुलाची, पण प्रश्न मुलाचा नाही. शाळेत कलम 17 ने मारायला बंदी आहे. मकतबमध्ये ती आपण स्वतःहून आणायला कुणाची हरकत आहे? कायद्याने सांगण्याची वाट का बघायची?

सरकारी शाळांत हे जमत नाही, असंही नाही. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत फरशीवर आखलेल्या तक्त्यांवर बसून मुलं एकमेकांकडून शिकतात. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात गावोगावच्या फरशा रंगल्या. काही ठिकाणी फक्त फरशाच रंगल्या, हेही खरं. शिक्षकाला जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती यांतून सोडवल्याशिवाय तो मुलाजवळ बसणार कधी?

म्हणून प्रवेशाला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड बघण्याआधी एवढंच विचारा: वर्गात किती मुलं आहेत, आणि माझ्या मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिलं तर बाई काय करतील? पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे, प्राथमिकला एका शिक्षकामागे 30. दुसऱ्याचं उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर फलकावर काहीही लिहिलेलं असो, पुढची शाळा बघा.