तल्लफेचं घड्याळ
परवा पावसाने गाठलं म्हणून अलका टॉकीजच्या चौकात एका टपरीच्या आडोशाला उभा राहिलो. शेजारच्या गृहस्थांनी तळव्यावर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळली, वर दोन थापा मारल्या. आणि तंबाखू सोडून बारा वर्षं झालेला माझा अंगठा खिशातल्या खिशात फिरायला लागला! व्यसनी माणसाची आठवण म्हणजे खुशमस्कऱ्या कारकून. पहिल्या चिमटीची झिंग ठळक अक्षरात नोंदवणार, सोलवटलेल्या हिरड्यांचा जेवताना होणारा जाळ मात्र त्याच्या वहीत कधीच सापडणार नाही. घड्याळही त्यालाच सामील. तल्लफेची पाच मिनिटं काही केल्या सरत नाहीत आणि ‘सोमवारपासून सोडतो’ म्हणता म्हणता दहा वर्षं निघून जातात. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हापासून हे शहर व्यसनमुक्तीबद्दल बरंच शिकलंय. तरी आम्ही अजून ‘जन्मात शिवणार नाही’ अशा शपथांवरच टाळ्या वाजवतो. मला त्या शपथा साफ नामंजूर आहेत. जन्म फार लांबलचक असतो, तल्लफ आत्ताची असते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसवाले ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात, तेच खरं. मी तर त्याहून कंजूष, अस्सल पुणेकर: फक्त हा पाऊस थांबेपर्यंत. थांबला. अंगठा खिशातच ठेवून घरी आलो.