बांध किती वर घ्यायचा?

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र,
वास्को-द-गामा, गोवा



मी बेळगावच्या खडेबाजारात ताडपत्री आणि छत्र्या विकतो. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. जगातलं सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र सत्तर मीटरच्या आसपास चढेल म्हणतात, तेव्हा माझ्या दुकानाच्या पायरीला धोका नाही. तरी लिहितो आहे, कारण आमची अक्का चोडणला दिली आहे, मांडवीच्या पाण्यातल्या बेटावर. ही मांडवी म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यातली म्हादई. तीही घाट उतरून गोव्यालाच नांदायला गेलेली.

दाजींची शेती खाजनातली. खाजन काय असतं हे आपल्याला सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, माझ्या गल्लीतले लोकही वाचतील. खाडीच्या काठाला मातीचा बांध आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. आत कोरगूट भात. बांधाचा माथा उधाणाच्या भरतीपेक्षा थोडा वर ठेवायचा, एवढाच सगळा हिशेब. एका वर्षी तो चुकला, बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं. पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत भात धड आलं नाही. गेल्या गणपतीत भाच्यानं विचारलं, "मामा, बांध किती वर घ्यायचा? कुणी म्हणतं वीतभर, कुणी म्हणतं पुरुषभर."

मी ताडपत्रीवाला, काय सांगणार?

भाच्याचा घोळ खोटा नाही. ९ ऑगस्ट २०२१ ला आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, अहवाल आला. २०५० पर्यंत समुद्र साधारण १५ ते ३० सेंटिमीटर चढेल, म्हणजे वीतभर. २१०० पर्यंत, आपण किती धूर सोडतो त्याप्रमाणे, २८ सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत. आणि त्याच अहवालात पुढे असंही आहे की, धूर असाच वाढत राहिला तर दोन मीटरच्या जवळपासचा आकडाही नाकारता येत नाही. हा झाला पुरुषभर. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मुंबईचे तेव्हाचे पालिका आयुक्त इक्बालसिंह चहल म्हणाले की, २०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालय परिसराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली जाईल. पाण्याखाली म्हणजे कायमचं, की उधाण आणि पाऊस एकदम आले की चार तास? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या बाजारात मात्र त्या आठवड्यात एकच वाक्य फिरत होतं: मुंबई बुडणार.

शास्त्रज्ञांत खरा वाद कुठे आहे ते मी जमेल तसं समजून घेतलं. समुद्र वाढतो यावर वाद नाही. वाद आहे तो अंटार्क्टिकाच्या बर्फाचा तोल कधी जाणार यावर. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. एकटी पूर्ण वितळली तर समुद्र ६५ सेंटिमीटर चढेल. तिचा तळ समुद्रपातळीच्या खाली आहे, आणि आत जावं तसा आणखी खोल होतो. त्यामुळे कोमट पाणी बुडाशी शिरलं की माघार थांबणं कठीण. २०१६ मध्ये डीकॉन्टो आणि पोलार्ड यांनी मांडलं की, समोरचे तरते बर्फतट गेले की मागचे उंच बर्फाचे कडे स्वतःच्याच वजनानं ढासळत जातील, आणि एकटं अंटार्क्टिका २१०० पर्यंत मीटरभराहून जास्त भर घालू शकेल. २०१९ मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी तोच हिशेब पुन्हा घातला आणि सांगितलं, कडे ढासळतात असं न धरताही पूर्वीच्या काळाचा मेळ बसतो, तेव्हा आकडा खाली येतो. चोर्ला घाटात पावसाळ्यात दरड येते. कुठला उतार भुसभुशीत आहे हे जाणकार सांगतो, तारीख सांगत नाही. मला हा वाद तसाच दिसतो.

आमच्या बाजारात दुकानदार पाचशे म्हणतो, गिऱ्हाईक दोनशे, आणि साडेतीनशेला सौदा पटतो. लोक समुद्राशीही तसाच सौदा करतात. एक म्हणतो वीत, एक म्हणतो पुरुष, मग कमरेइतकं धरू. पण समुद्र गिऱ्हाईक नाही. शिवाय इथे दोन्ही बाजूंची चूक सारखी नसते. आकडा खाली घसरायला फारशी जागा नाही, वर जायला बरीच आहे.

आणखी एक. २००७ च्या आयपीसीसी अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापून गेलं. भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये वेगळं मत मांडलं, जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं चूक मान्य केली. ही गोष्ट देशभर गाजली, आजही कुणीतरी ती तोंडावर फेकतो. पण त्याच २००७ च्या अहवालानं समुद्राची वाढ १८ ते ५९ सेंटिमीटर सांगितली, आणि त्यात बर्फाच्या भविष्यातल्या वेगवान घसरणीचा हिशेबच धरला नव्हता. तसं तिथे लिहिलंही होतं. एका पानावर जास्त मोजलं, दुसऱ्यावर कमी. लक्षात राहिलं फक्त पहिलं.

मे महिन्यात माल भरताना मी २०१९ च्या ऑगस्टसारखा अतोनात पाऊस धरत नाही, नाहीतर भांडवल गोदामात कुजेल. सरासरीही धरत नाही. उरलेली ताडपत्री पुढच्या वर्षी खपते, म्हणून थोडी जास्त घेतो. दुकानाचं छप्पर घातलं तेव्हा मात्र सर्वांत वाईट पावसाचाच विचार केला, कारण छप्पर दरवर्षी बदलत नाही. मातीचा बांध उन्हाळ्या-उन्हाळ्याला चढवता येतो, तिथे वीतभरापासून सुरुवात चालेल. खाडीवरचा पूल, जेटी, किनाऱ्यावरचं इस्पितळ शंभर वर्षं राहायचं. तिथे पुरुषभर धरला नाही तर ते पाप होईल. हे मला कळतं, पण माझ्या शब्दाला चोडणात कोण विचारतो?

आपल्या शब्दाला विचारतील. ६ डिसेंबर १९८१ ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. तिथलं आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, बर्फात गाडलं जाऊन १९९० च्या सुमारास सोडावं लागलं. बर्फ माणसाच्या अंदाजाला कसा चकवतो हे या देशात आपल्या लोकांइतकं कुणी पाहिलेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी एक पान काढा, मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये. सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारसाठी बहुधा होईल तो आकडा आणि नाकारता येत नाही तो आकडा, दोन्ही शेजारी शेजारी छापा. कुठला आकडा कशासाठी धरायचा तेही लिहा. गेल्या वर्षीचा आकडा बदलला असेल तर का बदलला, हे लाज न बाळगता सांगा. शास्त्रज्ञांचं एकमत नाही, हेही सांगा. आम्ही बाजारातली माणसं, दोन भाव ऐकून घाबरत नाही.

येत्या उन्हाळ्यात चोडणचा बांध पुन्हा भरायचा आहे. त्याआधी कळवावं.

आपला,
खडेबाजारातला एक ताडपत्रीवाला
बेळगाव