भिंत कोणी बांधली?

‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ हे प्रवचनातले वाक्य शासनाने सोयीस्करपणे उचलले. १९५० च्या राष्ट्रपती-आदेशातील अनुसूचित जातींच्या दर्जात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध सामावले गेले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्माची ही अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये करूनही! चर्च याला अन्याय म्हणते, ते रास्तच आहे. परंतु तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी पाडणारी भिंत कोणाच्या आदेशाने उभी राहिली? तिला राष्ट्रपतींची स्वाक्षरी लागली नव्हती. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा मृत शेजाऱ्यापाशी का थबकते, याचे उत्तर धर्मगुरूंनी दिल्लीला पुढचे निवेदन धाडण्यापूर्वी द्यावे.