संशोधक डॉक्टर कसे निवडावेत?

छातीत कळ येताच जिभेखाली गोळी ठेवावयाची, हे हृदयरोग्यांच्या घरी आता लहान मुलांनाही ठाऊक असते. नायट्रोग्लिसरीन हे औषध या दुखण्यावर एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे; परंतु ते नेमके काय करते, याचा उलगडा जवळजवळ शंभर वर्षे झाला नव्हता. या औषधातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, हे अमेरिकन संशोधक फेरीद मुराद यांनी १९७७ साली दाखवून दिले. १९९८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

मुराद यांचे वडील आल्बेनियातून अमेरिकेत आलेले. इंडियाना राज्यातील एका लहान गावात हे कुटुंब उपाहारगृह चालवीत असे. वैद्यकीय शिक्षणाचा भार आईवडिलांवर टाकणे मुलाला प्रशस्त वाटत नव्हते. त्याच सुमारास, पन्नासच्या दशकात, वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने वैद्यकाची एम.डी. आणि संशोधनाची पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्रित देणारा अभ्यासक्रम सुरू केला होता. शुल्क माफ होते आणि वर खर्चापुरते विद्यावेतन मिळत होते. मुराद त्यात दाखल झाले आणि १९६५ साली दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडले. ही व्यवस्था नसती, तर तो मुलगा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६४ पासून अशा अभ्यासक्रमांना सरकारी अनुदान देण्यास सुरुवात केली. तेथील एम.डी. ही आपल्या एम.बी.बी.एस.प्रमाणे वैद्यकाची पहिलीच पदवी असते. दोन्ही पदव्यांना मिळून साधारणतः आठ वर्षे लागतात आणि त्यानंतर रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण वेगळेच. समाज एका तरुणावर एवढा पैसा आणि एवढा काळ खर्च करतो, तेव्हा त्याची निवड काटेकोरपणे व्हावी, हे ओघानेच आले. प्रश्न आहे तो कसोटी कोणती लावावयाची हा.

या अभ्यासक्रमांच्या अर्जाबरोबर नेहमीच्या निबंधाखेरीज आणखी दोन निबंध द्यावे लागतात. दोन्ही पदव्या कशासाठी हव्यात, हे पहिल्यात तीन हजार अक्षरांत सांगावयाचे. दुसऱ्यात केलेल्या संशोधनाची हकीकत दहा हजार अक्षरांपर्यंत मांडावयाची: प्रश्न कोणता होता, मार्गदर्शक कोण होते, काम किती काळ चालले आणि त्यात स्वतःचा वाटा काय होता. शिवाय ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांची पत्रे लागतात. शोधनिबंध प्रसिद्ध झालेलाच असावा, अशी अट सर्वसाधारणपणे नसते.

ही रचना मुळात शहाणपणाची आहे. प्रयोगशाळेत ज्याने वर्ष-दोन वर्षे काढली, त्याला प्रयोग बहुधा फसतात हे ठाऊक असते. प्रयोग फसल्यावर त्याने काय केले, पुढचा प्रयोग कसा बदलला, हे तो सांगू शकतो. केवळ परीक्षानळ्या धुणारा आणि प्रश्नाशी झटणारा यांतील फरक अशा कथनात लपत नाही. म्हणूनच अर्जदारांनी प्रयोगशाळांची आणि तासांची यादी वाढविण्यापेक्षा एकाच प्रश्नाशी दीर्घकाळ निष्ठा ठेवणे अधिक हिताचे. आपल्या कामाचा अर्थ मार्गदर्शकाच्या मदतीवाचून सांगता येत नसेल, तर ते काम अजून आपले झालेले नाही, असे समजावे.

तथापि या कसोटीत एक अन्यायही दडलेला आहे. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे अल्प वेतनावर प्रयोगशाळेत राहणे, सुटीत विनावेतन काम करणे, हे ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्यालाच सहज परवडते. नामांकित विद्यापीठात शिकणाऱ्याला प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असते. लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याने ती शोधावयाची कोठे? गरजू मुलाला आत घेण्यासाठी जे दार उपयोगी पडले, तेच आता संशोधनाचा पूर्वानुभव मागून त्याला बाहेर ठेवू लागले, तर ती मोठी विसंगती ठरेल. निवड समित्यांनी अनुभवाची लांबी मोजताना त्यामागची संधीही मोजली पाहिजे. सुटीतील संशोधनाला पुरेसे विद्यावेतन मिळणे हा तर यावरचा साधा उपाय आहे.

सरकारी अनुदानाचा लाभ तेथील नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतो. त्यामुळे येथून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ही वाट फारच अरुंद आहे. पण हा विषय आपल्याला परका नाही. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला, १९०२ साली एम.डी. आणि १९०४ साली पीएच.डी. मिळविली आणि पुढे काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तर पीएच.डी.वाचून, कोकणातील खेड्यापाड्यांत रुग्णांच्या उशाशी बसून विंचूदंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. पदव्या दोन असोत वा एक, रुग्णाकडे पाहताना प्रश्न पडणे हेच खरे भांडवल होय.

२०२२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने पदव्युत्तर वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय उभारण्याचे जाहीर केले. एम.डी.-पीएच.डी. अभ्यासक्रम हा त्या योजनेचा भाग आहे. आपल्याकडे वैद्यकाचे प्रवेश एका परीक्षेच्या गुणांवर ठरत आले आहेत. त्या परीक्षेत पाठांतराची परीक्षा होते. जिज्ञासेची होत नाही. संशोधक डॉक्टर हवे असतील, तर विद्यार्थ्याने आजवर कोणता प्रश्न विचारला, हे पाहावेच लागेल. पण तो विचारण्याची संधी जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयांतही आधी उपलब्ध करून द्यावी लागेल. संधी न देता अनुभव मागणे, हे पेरणी न करता पिकाचा हिशेब मागण्यासारखे आहे.