अंगणातला मांडव आणि वाजवणाऱ्याची मजुरी

घरच्या अंगणात मांडव घालून आप्तेष्ट जमवावेत, गाणेबजावणे व्हावे, ही इच्छा काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे. बारसे असो, साखरपुडा असो वा लग्नानंतरचा जागरण-गोंधळ. साध्या कामगाराच्या घरीही असे प्रसंग येतात आणि त्यासाठी व्यावसायिक कलावंतांना सुपारी दिली जाते. मात्र समारंभाची आखणी ज्या क्रमाने होते, तो क्रम विचार करायला लावणारा आहे. मंडपवाल्याला इसार पोचतो, आचाऱ्याशी ताटाचा दर ठरतो, ध्वनिक्षेपकाचे भाडे मुकाट्याने मान्य होते. सर्वांत शेवटी आठवण होते ती वाजवणाऱ्यांची, आणि घासाघीस होते तीही त्यांच्याशीच. 'दोन तास तर वाजवायचे आहे', असा युक्तिवाद केला जातो. त्या दोन तासांमागचा प्रवास, वाद्यांची देखभाल, वर्षानुवर्षांचा रियाज आणि कामाविना गेलेला चातुर्मास यांचा हिशेब कोणी धरीत नाही.

ही वृत्ती आकाशातून पडलेली नाही. जुन्या गावगाड्यात वाद्य वाजवणे हा व्यवसाय नव्हता; ते जातीने लादलेले कर्तव्य होते. होलारांनी सनई धरावी, मांगांनी हलगी वाजवावी आणि मोबदला म्हणून पदरात पडेल ते धान्य वा उरलेले अन्न घ्यावे, अशी रीत होती. वाद्याचा सूर मंगल, पण वाजवणारा मांडवाबाहेर! आंबेडकरी चळवळीने गावकीच्या कामांविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा अनेक गावांतील दलितांनी मेलेली गुरे ओढण्याबरोबर वाजवण्याचे कामही नाकारले आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली. तरीही मालक खुशीने देईल तेच घ्यायचे, ही वतनी समजूत बक्षिशीच्या आणि ओवाळणीच्या रूपाने आजही टिकून आहे. बक्षिशी ही देणाऱ्याची मर्जी असते. मजुरी हा घेणाऱ्याचा हक्क असतो. हा भेद ज्याला उमगला नाही, त्याने समतेवर भाषणे देऊन उपयोग काय?

म्हणून समारंभाची आखणी वाजवणाऱ्यापासून सुरू व्हावी. किती माणसे, किती तास, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, पाऊस आला वा कार्य रद्द झाले तर इसाराचे काय, हे सारे एका कागदावर लिहून घ्यावे. पंगत वेगळी नसावी आणि उरलेले पैसे कार्यक्रम संपताच हाती पडावेत. अनेक बँडपथकांत वादक हंगामापूर्वीच मालकाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यातच त्याचा हंगाम सरतो. तेव्हा ठरलेल्या रकमेतून प्रत्यक्ष वादकाच्या हाती काय पडणार, हेही विचारण्यास संकोचू नये.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. अंगणातील शे-पन्नास माणसांना ऐकवण्यासाठी सनई-संबळाला भिंतीएवढ्या कर्ण्यांची गरज पडत नाही. त्या कर्ण्यांच्या भाड्यातून आणखी दोन वादकांना काम मिळू शकते, आणि शेजारचे तान्हे मूल व आजारी म्हातारा शांत झोपू शकतात. अंगण खाजगी असले, तरी त्यातून निघणारा आवाज खाजगी राहत नाही.

तथापि, केवळ घरोघरच्या सदिच्छेवर हा प्रश्न सुटणार नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा ऐन लग्नसराई तोंडावर होती. एका रात्रीत सुपाऱ्या बुडाल्या, आणि आपण कलावंत आहोत हे दाखवायला अनेकांपाशी कागदाचा चिटोराही नव्हता. रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्या हमालाचीही एके काळी हीच अवस्था होती. परंतु १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली; कामगार आणि मालक दोघांचीही नोंदणी झाली, मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी व रजेचा पैसाही मंडळामार्फत मिळू लागला. वादक-कलावंतांसाठी असे मंडळ का नसावे, हा प्रश्न संघटनांनी शासनापुढे ठणकावून मांडला पाहिजे.

यावर काही निष्ठावंत म्हणतील की, समाजवाद्याला साधेपणा शोभतो, मग मांडव आणि वाजंत्री हवीतच कशाला? साधेपणा अवश्य असावा. तो रोषणाईत, पक्वान्नांत, आहेराच्या प्रदर्शनात असावा. कलावंताच्या पोटावर बेतणारा साधेपणा हा निव्वळ कंजूषपणा होय. शिवाय या बाबतीत चळवळीचे स्वतःचे वर्तनही तपासून पाहण्यासारखे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी सभा जिंकून दिल्या आणि सेवा दलाच्या कलापथकांनी विचार खेड्यापाड्यांत नेला. त्यागाची ती परंपरा थोर खरीच. पण 'चळवळीचे काम आहे' एवढे म्हणून पोटार्थी शाहिराला फुकट उभे करणे आणि त्याच व्यासपीठाच्या मंडपाचे बिल मात्र चोख चुकते करणे, यात कोणता समाजवाद आहे? ज्याला वर्गणी म्हणून आपली कला द्यायची असेल, त्याने ती आनंदाने द्यावी. परंतु ते ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आयोजकांचा नव्हे.

येत्या लग्नसराईत पुष्कळ कार्यकर्त्यांच्या दारी मांडव पडतील. खर्चाची यादी करताना पहिल्या ओळीत वाजवणाऱ्याचे नाव आणि त्यापुढे ठरलेली मजुरी लिहावी. बाकीचा खर्च त्याखाली बसवावा.