आठ भावंडं आणि एक रांग

परीक्षा संपल्या की आपल्याकडे दोन प्रकारची मुलं-मुली दिसतात. एक, जी थेट झोपतात. दुसरी, जी सीझन संपवून रात्री दोन वाजता पुस्तकाच्या शोधात निघतात. हा मजकूर दुसऱ्यांसाठी. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सुरुवात कुठून करू?’ आणि त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं: ‘अगं, कुठूनही कर, प्रत्येक गोष्ट वेगळीच आहे.’ हे उत्तर चुकीचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. आमच्यातल्याच एकीने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून स्वस्तात मिळालं म्हणून चौथं पुस्तक आधी उचललं. तिने सिरीज पाहिलेली नव्हती. आधीच्या तीन पुस्तकांत जपून ठेवलेलं सगळ्यात मोठं गुपित तिला पहिल्याच फटक्यात कळलं. नंतर तिने पहिली तीन वाचली खरी, पण ‘कोण असेल बरं ही?’ म्हणत पान उलटण्यातली मजा गेली ती गेलीच. पहिलं वाचन एकदाच होतं ना.

म्हणून आधी रांग लावून घेऊ. ब्रिजर्टन कुटुंबात आठ भावंडं. आईवडिलांनी नावं बाराखडीसारखी ओळीने ठेवली, म्हणजे इंग्रजी ए ते एच: अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलॉइज, फ्रान्सेस्का, ग्रेगरी, हायसिंथ. प्रत्येकाच्या वाट्याला एक पुस्तक. पण पुस्तकं काही बाराखडीने आली नाहीत. सुरुवात झाली चौथ्या नंबरच्या डॅफ्नीपासून, २००० साली, ‘द ड्यूक अँड आय’. त्याच वर्षी अँथनीचं ‘द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी’. मग बेनेडिक्टचं ‘अॅन ऑफर फ्रॉम अ जंटलमन’ (२००१), कॉलिनचं ‘रोमान्सिंग मिस्टर ब्रिजर्टन’ (२००२), एलॉइजचं ‘टू सर फिलिप, विथ लव्ह’ (२००३), फ्रान्सेस्काचं ‘व्हेन ही वॉज विकेड’ (२००४). शेवटी पुन्हा उलटापालट: धाकटी हायसिंथ आधी, ‘इट्स इन हिज किस’ (२००५) आणि ग्रेगरी मागून, ‘ऑन द वे टू द वेडिंग’ (२००६). छापल्याचा हाच क्रम वाचण्याचाही क्रम समजा. एक सवलत आहे, ती पुढे सांगतो.

सिरीजवाल्यांचा गोंधळ वेगळा. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२० मध्ये डॅफ्नीपासून सुरुवात केली, दुसरा सीझन अँथनीचा. इथवर ठीक. तिसऱ्याला मात्र बेनेडिक्टला मागे ठेवून कॉलिन आणि पेनेलोपी पुढे आले आणि बेनेडिक्ट चौथ्यावर गेला. पडद्यावर ते खपून जातं, कारण पटकथा तशी बदलून घेतली आहे. पुस्तकात नाही खपत. तिसऱ्या पुस्तकात कॉलिन आपल्या भावांसमोर तावातावाने सांगतो की मी काही पेनेलोपीशी लग्न करणार नाही, आणि ती तिथेच उभी असते. चौथ्या पुस्तकाचा सगळा दुखरा भाग या एका प्रसंगावर उभा आहे. शिवाय दोन्हींच्या मध्ये बरीच वर्षं गेली आहेत. तिसरं १८१७ पर्यंत येऊन थांबतं, चौथं १८२४ मध्ये उघडतं. लग्नाच्या बाजारात ‘राहून गेलेली’ म्हणून लोक पेनेलोपीकडे कसे बघायला लागलेत, हे कळायला तो सात वर्षांचा खड्डा ओलांडावा लागतो.

आणि लेडी व्हिसलडाउन! ती कोण, हे सिरीजने पहिल्याच सीझनच्या शेवटी सांगून टाकलं. पुस्तकात ते चौथ्यापर्यंत दाबून ठेवलं आहे. तोवर प्रकरणांची सुरुवात तिच्या चहाटळ कॉलमने होते. ज्यांनी सिरीज पाहिलेली नाही त्यांच्यासमोर कृपया तोंड उघडू नका. होस्टेलवर तर नाहीच.

चौथं, पाचवं आणि सहावं ही पुस्तकं काळाच्या हिशेबाने एकमेकांत गुंतलेली आहेत. तिन्हींमध्ये १८२४ साल आहे. चौथ्यात एलॉइज काहीतरी लपवतेय असं वाटत राहतं, त्याचं उत्तर पाचव्यात मिळतं. सहाव्याची सुरुवात तर चार वर्षं मागून होते. ही तीन सलग, त्याच क्रमाने आणि शक्यतो एकाच सुट्टीत वाचा, म्हणजे एकाच घरातल्या तीन खोल्यांत एकाच वेळी काय चाललंय ते दिसतं. आमच्या मते मालिकेतला सगळ्यात हुशार भाग हाच.

आता ती सवलत. पहिल्या पुस्तकात डॅफ्नी आणि सायमनमधला एक प्रसंग आहे. तो शुद्धीवर नाही, नको म्हणण्याच्या अवस्थेत नाही, आणि ती तिला हवं ते करून घेते. पुस्तक यावर फार वेळ थांबत नाही. २००० साली कदाचित कोणाला खटकलं नसेल. आज कन्सेंटवर कॉलेजात वर्कशॉप करणाऱ्या तुम्हाला खटकेल, आणि खटकायलाच हवं. बाई आहे म्हणून तिला सूट नाही. तिसऱ्यातला बेनेडिक्टही काही कमी नाही. मोलकरीण म्हणून राबणाऱ्या सोफीला तो आधी ‘ठेवलेली’ म्हणून राहा असं सुचवतो आणि तिला लंडनला नेण्यासाठी चोरीचा आळ घालायची धमकी देतो. पाचव्याच्या अगदी सुरुवातीला आत्महत्येचा प्रयत्न आहे, हेही आधी माहीत असलेलं बरं. मग वाचूच नये का? आम्ही असं म्हणणार नाही. पण पहिल्याच पुस्तकातल्या त्या पानावर तुमचं मन उडालं, तर मालिका सोडू नका, दुसऱ्यापासून सुरू करा. डॅफ्नीचं लग्न कोणाशी झालं एवढंच आधी कळेल, आणि ते तर मलपृष्ठावरही कळतं. अँथनी आणि केटचं भांडण, क्रोकेसारखा तो पॉल मॉलचा खेळ, मधमाशी डसून गेलेल्या बापाची अँथनीच्या मनातली भीती: आठांत हेच पुस्तक सर्वांत नेटकं जमलंय.

केटवरून आठवलं. पुस्तकात ती केट शेफिल्ड आहे, अस्सल इंग्लिश. सिरीजमध्ये ती हिंदुस्थानातून आलेली केट शर्मा झाली, आणि तिच्या बहिणीला, एडविनाला, येणाऱ्या भाषांच्या यादीत चक्क मराठीही ऐकू आली. आपण सगळे टाळ्या पिटून मोकळे झालो. (एकाच घरात ‘दीदी’, ‘बॉन’ आणि ‘अप्पा’ कसं, हे विचारायचं राहून गेलं.) पुस्तकांत हिंदुस्थान येतो तो सहाव्यात. नायक मायकल मनातल्या पेचापासून पळून काही वर्षं इकडे येऊन राहतो आणि जाताना मलेरिया घेऊन जातो. बस. आपल्या वाट्याला एक ताप.

खरं तर ही वर्षं आपल्याही इतिहासाच्या पुस्तकात आहेत. तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने राज्य करू शकेना, म्हणून त्याच्या मुलाने १८११ ते १८२० रीजंट म्हणून कारभार पाहिला. त्याच काळाला ‘रीजन्सी’ म्हणतात. म्हणजे काटेकोर बघितलं तर चौथ्यापासूनची पुस्तकं रीजन्सीतली नाहीतच, पण प्रकाराचं नाव तेच चालतं. याच दहा वर्षांत, १८१८ ला, पेशवाई बुडाली. मायकल ज्या वर्षांत इकडे होता, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन होता. मेफेअरच्या त्या झुंबरांखालचा पैसा कुठून येत होता, हे ही पुस्तकं विचारत नाहीत. तुम्ही विचारा. विचारल्याने वाल्ट्झची मजा कमी होत नाही, वाचणाऱ्याचे डोळे तेवढे उघडे राहतात.

आधीच्या पिढीची, रोक्सबी घराण्याशी जोडलेली चार पुस्तकं २०१६ ते २०२० मध्ये आली. कथेचा काळ आधीचा, म्हणून काही शिस्तप्रिय मंडळी तीच आधी वाचायला सांगतात. ऐकू नका. ब्रिजर्टन हे आडनाव ऐकून गालात हसू येण्यासाठी आधी ते घर ओळखीचं व्हावं लागतं. ‘क्वीन शार्लट’ हे २०२३ चं पुस्तक शोंडा ऱ्हाइम्ससोबत लिहिलेलं आहे आणि ते सिरीजवरून आलेलं आहे. मूळ आठ पुस्तकांत ही राणी नाहीच. ते कधीही वाचा.

नवीन आवृत्त्या घेणार असाल तर एका सापळ्यापासून सावध. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ‘सेकंड एपिलॉग’ नावाचं शेपूट जोडलेलं असतं. त्यातली गोष्ट बरीच वर्षं पुढची असते आणि तोवर कोणाचं लग्न कोणाशी झालं हे त्यात सहज बोलता बोलता येऊन जातं. ती पानं स्टेपल करून ठेवा आणि आठवं संपल्यावर उघडा. हायसिंथच्या पुस्तकातल्या हरवलेल्या दागिन्यांचं काय झालं, हेही त्यातच आहे. ही शेपटं २०१३ मध्ये ‘द ब्रिजर्टन्स: हॅपिली एव्हर आफ्टर’ या पुस्तकात एकत्रही आली, सोबत आई व्हायोलेटची गोष्ट. ती व्हायोलेटची गोष्ट मात्र चुकवू नका.

राहिला प्रश्न ‘असलं काय वाचतेस’ म्हणणाऱ्यांचा. आपल्या आज्यांनी आणि आयांनी काकोडकर वाचले, लायब्ररीतून मिल्स अँड बून आणून उशीखाली ठेवली. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणींचं पहिलं पूर्ण वाचलेलं इंग्रजी पुस्तक असलंच एखादं असतं. डिक्शनरी न उघडता तीनशे पानं ओढून नेणारी गोष्ट ही छोटी गोष्ट नाही. हार्वर्डला शिकलेल्या आणि येलचं मेडिकल सोडून लिहीत बसलेल्या बाईंनाही हे ‘असलं काय’ ऐकावं लागलं असेलच. मुलांनीही वाचावं, कव्हरला वर्तमानपत्र लावून का होईना. आमची पुरवणी चालेल.

आणि ढिगात फक्त सातवं सापडलं तर? घ्या. कपाटात ठेवा. उरलेली सात मैत्रिणींत वाटून घ्या, एकीने एक विकत घ्यायचं आणि पुढे फिरवायचं. ग्रेगरीचं आठवं, ज्याला २००७ चा रीटा पुरस्कार मिळाला, ते कोणी घ्यायचं यावर भांडण होईल. ज्या मैत्रिणीला पुस्तक परत द्यायची सवय आहे, तिला घ्यायला लावा.